पट्टा ओढणाऱ्या पिल्लाला चोक चेन नको
पाच महिन्यांचं लॅब्रॅडॉर पट्टा ओढतं म्हणून चोक चेन (ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी) सुचवली गेलीय, ती नको. गळ्यावर ताण येतो आणि कसं चालायचं ते पिल्लाला कळतच नाही. छातीवर पुढे आणि पाठीवर अशा दोन कड्या असलेला हार्नेस (गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा) आणि दीड-दोन मीटरचा साधा पट्टा घ्या. रीळवाला पट्टा तर आत्ता अजिबात नको. त्यात ओढलं की दोरी सुटते, म्हणजे ओढण्याचंच बक्षीस!

सुरुवात घरातच. पट्टा सैल ठेवून शेजारी आलं की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा शेंगदाण्याएवढा तुकडा, तोही मांडीलगत द्या. हात पुढे केलात तर ते पुढेच धावेल. आधी दर पावलाला, मग तीन, पाच, दहा पावलांनी. पट्टा ताणला की जागीच थांबा, झटका न देता. सैल झाला की चला. पाच-सात मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा पुरे.

बिनसतं बहुधा घरच्यांमुळे. सकाळी एक जण थांबतो, रात्री दुसरा मागे फरफटत जातो. कधीमधी ओढून काम होतं हे कळलं की पिल्लू आणखी चिवटपणे ओढतं. घाईत असं थांबणं जमणार नसेल तेव्हा पट्टा पाठीवरच्या कडीला लावा. सरावाला फक्त पुढची कडी.