लांब दांडीचा पाईप
वर विचारलंय की तंबाखू ओढायच्या लांब दांडीच्या पाईपचा, म्हणजे चर्चवॉर्डनचा, धूर खरंच थंड लागतो का, तर हो, थोडा लागतो, तोंडापर्यंत यायला त्याला लांबचा रस्ता असतो ना, पण घाईघाईत ओढलात तर कुठलाही पाईप जीभ भाजतोच. माझा ब्रायरचा आहे, भूमध्य समुद्राकडच्या एका झुडपाच्या मुळाशी जी गाठ येते तिचं लाकूड, उष्णतेला फार चिवट. धूर छातीत नाही घेतला तरी तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतोच हां, म्हणून मी क्वचितच ओढतो. साधा पाईप क्लीनर, म्हणजे दांडी आतून साफ करायची मऊ तार, या दांडीत पुरत नाही, लांबवाले आधीच घेऊन ठेवा, आणि पाईप गरम असताना दांडी अजिबात काढू नका, माझा पहिला तसाच तडकला, अजून वाईट वाटतं.