सिगार वाळून कडकडीत झाले, आता वाचतील का? आणि ओढायचे कसे?

संत्रीबाग (काटोल तालुका), १४ मे

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ डिसेंबरात घरी आला तेव्हा विमानतळावरून दहा सिगारची पेटी घेऊन आला. डोमिनिकन रिपब्लिकचे आहेत, वर रोबुस्टो हे मापाचं नाव लिहिलंय. पाच इंच लांब, अंगठ्याएवढे जाड, फिकट तपकिरी. जाताना म्हणाला, "दादा, मी जूनच्या शेवटी येतो, तेव्हा ओसरीत बसून दोघं मिळून ओढू." मी पेटी लाकडी कपाटात ठेवून दिली.

परवा उघडली तर हात लावताच वरचं पान तडकलं. चुलीजवळच्या गवऱ्यांसारखे कोरडे झालेत. एक ओढून पाहिला. वीस मिनिटांत जळून गेला, जीभ भाजली, कडू लागला, डोकं गरगरलं आणि घाम फुटून तासभर बाजेवर पडून राहिलो. मी आयुष्यात बिडी-सिगारेट ओढलेली नाही.

नऊ उरलेत. भावाने हौसेने आणलेत, ते वाया जाऊ नयेत असं मनापासून वाटतं. काय करू?

जहाजी_आर्वी, १४ मे

दादा, फेकू नका. वरचं पान फाटलं नसेल ते बहुतेक परत येतील. मी बावीस वर्षं मालवाहू जहाजावर होतो, सिगार तिथेच शिकलो, आणि आर्वीला परत आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात माझीही अख्खी पेटी अशीच गेली. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ती वीसच्याही खाली जाते.

घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, कोणताही वास नसलेला. त्यात सिगारसाठी मिळणारी आर्द्रतेची पुडी ठेवा, ऑनलाइन मिळते. पुडीवर आकडा असतो. आधी ६२ ची ठेवा, दहा-बारा दिवसांनी ६५ ची, मग ६९ ची. घाई केली तर बाहेरचं पान आधी फुगतं आणि आतला गाभा कोरडाच राहतो, मग ते उभं चिरतं.

छोटा आर्द्रतामापक घेतलात तर त्याची परीक्षा घरच्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, मापकाबरोबर डब्यात एक दिवस बंद करा. काटा ७५ वर आला पाहिजे. ७० दाखवला तर तुमचा मापक पाच कमी दाखवतो, एवढं ध्यानात ठेवा.

फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथली हवा कोरडी आणि लसणाच्या वासाची. मिरची-हळदीच्या कोठीजवळही नको. सिगार वास ओढून घेतो.

पत्तीवाला (साकोली), १५ मे

भाऊ, एवढं कायले करता? माझी माय तीस वर्षं बिड्या वळत होती. तेंदूपत्ता वाळला का रात्री पाण्यात भिजवायचा, सकाळी मऊ लोण्यावानी. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा ना, दोन दिवसांत होऊन जाईन.

आता पत्ती तोडणीचाच हंगाम चालू हाय आमच्याइकडे. पहाटे जंगलात जायचं, सत्तर पानांचा पुडा बांधायचा. पानाचं आम्हाले समजते.

जहाजी_आर्वी, १५ मे

पत्तीवाले भाऊ, तुमच्या मायचा हात मोठा, पण इथे मोठा फरक आहे. बिडीत पान टेंभुर्णीचं आणि तंबाखू फक्त पोटात. सिगारमध्ये पोट, त्याला बांधणारं पान आणि वरचं पान, तिन्ही तंबाखूच. वरच्या पानाचा चवीत मोठा वाटा असतो. त्याला पाणी लागलं की डाग पडतो आणि बुरशी येते. ओलं फडकं अजिबात नको.

तुम्हाला पानाचं समजतं म्हणून सांगतो. सिगारच्या तंबाखूच्या झाडाचं शेंड्याकडचं पान, ज्यावर सगळ्यात जास्त ऊन पडतं, ते जाड आणि तिखट. त्याला लिहेरो म्हणतात आणि ते सावकाश जळतं, म्हणून मधोमध घालतात. मधलं सेको, त्यातून सुगंध येतो. खालचं व्होलादो सौम्य, पण ते जळायला चांगलं. हे तिन्ही जुळवणं हीच वळणाऱ्याची कला. त्याआधी पानांच्या मोठ्या राशी लावून आंबवतात, रास आतून तापते, अमोनिया निघून जातो. राशी पुन्हापुन्हा उलटाव्या लागतात. मला तर शेणखताचा ढीग पलटवणारे आमचे बाबा आठवतात.

पत्तीवाला (साकोली), १५ मे

हे मले माहीत नव्हतं. म्हणजे पत्ती शेंड्याची का बुडाची, याच्यावर सारं. बरोबर हाय.

सिस्टर_पुसद, १६ मे

मी परिचारिका आहे. दादा, घेरी आली ती निकोटीनमुळे. सिगारचा धूर क्षारीय असतो, त्यामुळे तो छातीत न घेताही निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या एका पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. धूर गिळला नाही तरी तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर होऊ शकतो. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याने तोंड उघडेनासं झालेली पंचविशीतली पोरं मी रोज पाहते, म्हणून जीव तुटतो. भावासोबत एक ओढायचा असेल तर ओढा, सवय लावून घेऊ नका. आणि घरात लहान मुलं असतील तर अंगणात बसा.

संत्रीबाग, १६ मे

ताई, मनापासून आभार. सवय लावायची नाहीच. दोघांसाठी एकच कापू. पुड्या मागवल्यात. जहाजी काका, ओढायचा कसा तेही सांगा ना.

जहाजी_आर्वी, १७ मे

ताईंचं शंभर टक्के खरं. मीही आता वर्षाला दोन-तीनच.

जेवण करून बसा, रिकाम्या पोटी कधीच नाही. बंद टोकाला टोपी असते, तिचा फक्त दोन मिलिमीटर तुकडा धारदार कटरने उडवा. जास्त कापलं तर पान सुटतं. न पेटवता एकदा ओढून पाहा. गवताची, लाकडाची चव लागेल. मग काडीपेटी, पण काडीचा गंधक जळून जाऊ द्या. ज्योत टेकवू नका, थोडी खाली धरून टोक फिरवत शेकवा, ज्वारीचं कणीस हुरड्याला शेकतो तसं. कडा सगळीकडून लाल झाली की पहिला झुरका.

धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात घोळवायचा, सोडायचा. मिनिटाला एकच झुरका! तुमचा वीस मिनिटांत संपला कारण तो कोरडा होता आणि तुम्ही भराभर ओढलात. रोबुस्टो तासभर चालतो. घाईने तापला की कडूच लागणार. राख इंचभर राहू द्या, ती टोक थंड ठेवते.

चव तीन टप्प्यांत बदलते. तुमचा फिकट पानाचा आहे, तर सुरुवातीला भाजलेले फुटाणे, साय, देवदारासारखं लाकूड. मधे कॉफी. शेवटी मिरी. मला एकदा मध्येच सुकलेल्या मोहफुलांचा वास आला होता, तो अजून विसरलो नाही. शेवटचा तिसरा हिस्सा जड वाटला तर सोडून द्या, चिरडू नका, आपोआप विझतो. सोबत साधं पाणी किंवा बिनदुधाची कॉफी. घेरी आली तर गुळाचा खडा.

संत्रीबाग, २९ जून

काल बसलो. नऊपैकी दोन चिरले, सात मऊ झालेत, दाबलं की परत फुगतात. पावसाची भुरभुर होती. भावाला कॉफी लागली, मला आधी फुटाणे आणि मग पहिल्या पावसानंतरच्या वखरलेल्या काळ्या मातीचा वास. अर्धा सोडून दिला. घेरी नाही. भाऊ खूप वेळ बोलत राहिला, बाबांबद्दल, जे तो फोनवर कधी बोलत नाही.

आता सहा उरलेत. बाहेर इतकी दमट हवा आहे, पुडी काढून ठेवू का?

जहाजी_आर्वी, २९ जून

मुळीच काढू नका. ती पुडी जास्तीची ओल शोषूनही घेते. डबा कमीत कमी उघडा. पांढरी बुरशी दिसली तर तो सिगार लगेच वेगळा काढा. पानावर टाचणीएवढी गोल भोकं दिसली तर किडा लागलाय, हरभऱ्याला भुंगा लागतो तसा. उष्णता वाढली की त्याची अंडी फुटतात. मग दोन पिशव्यांत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये तीन दिवस, एक दिवस खाली फ्रीजमध्ये, आणि त्यानंतरच बाहेर.