मदत हवी आहे: जुन्या मारुती ८०० चा तिसरा स्पार्क प्लग निघत नाही, आटे जातील अशी भीती वाटतेय

नमस्कार मंडळी,

नाशिकरोडला राहते. बाबांची १९९८ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. बाबा प्रेसमधून रिटायर झाले. या गाडीचे प्लग आजवर त्यांनीच बदलले. यंदा हाताला कंप सुटलाय, पाना धरवत नाही, म्हणून काम माझ्याकडे आलं. ते शेजारी खुर्ची टाकून सांगतात, मी करते. दोन प्लग निघाले, तिसऱ्यापाशी अडकलेय.

आधी त्रास काय होता ते सांगते. त्र्यंबकला जाताना अंजनेरीच्या पुढे पाऊस लागला आणि गाडी मिसिंग करायला लागली. तीन सिलिंडरचं इंजिन, त्यातला एक बसला की लगेच कळतं. अख्खं स्टिअरिंग थरथरतं, ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही. ऊन पडून सगळं वाळलं की गाडी पुन्हा ठीक. बाबा म्हणाले, "हे पेट्रोलचं नाही, करंटचं आहे."

त्याच रात्री पार्किंगमधला दिवा बंद केला, गाडी चालू ठेवली आणि इस्त्रीसाठी ठेवलेल्या फवाऱ्याच्या बाटलीने प्लग वायरींवर अगदी बारीक पाणी मारलं. मधल्या वायरीवरून इंजिनच्या हेडवर (सिलिंडरांवरचं झाकण) निळ्या ठिणग्या उडताना स्पष्ट दिसल्या, टिक टिक आवाजही येत होता. (कोणी करून पाहणार असाल तर वायरींना हात अजिबात लावू नका, हजारो व्होल्ट असतात.) सकाळी पाहिलं तर प्लगच्या टोपणाजवळ ती वायर चिरलेली. मल्टिमीटरवर बाकीच्या दोन पाच-सहा किलो-ओम दाखवतात. मधली जरा वाकवली की आकडा गायब.

म्हणून मुंबई नाक्याजवळच्या एका दुकानातून तीन प्लग आणि वायरींचा पूर्ण सेट आणला, कॉइलकडून डेल्कोला (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) येणारी चौथी वायरही त्यात आहे.

पहिला प्लग सहज निघाला. कोरडा, चहाच्या रंगाचा. दुसरा काळा आणि पेट्रोलने ओला, म्हणजे तो पेटतच नव्हता. तिसरा, डेल्कोच्या बाजूचा, पाव फेरा फिरला आणि कर्र आवाज करून जाम झाला. मी तिथेच थांबले. इंजिन थंडच होतं. प्लगच्या बुडाशी गंज दिसतोय. बाबा म्हणतात टॉमीला (पान्याच्या दांड्याला) पाइप लावून जोर दे. त्यांचं एरवी सगळं ऐकलं, पण हे ऐकायची हिंमत होत नाही. हेड ॲल्युमिनियमचं आहे, प्लग लोखंडाचा. आटे गेले तर हेड उतरवण्याची वेळ येईल.

तर जाम झालेला प्लग सुरक्षित काढायचा कसा? आणि दोन शंका आहेत. जुन्या प्लगवर बीपी६ईएस लिहिलंय, दुकानदाराने बीपीआर६ईएस दिलेत. चालतील का? शिवाय बाबांना तांब्याच्या तारेच्या वायरी हव्या होत्या, दुकानदाराने सिलिकॉनच्या कार्बन कोअरवाल्या दिल्या. बदलून आणू का?

बाबांना वणीच्या गडावर जायचंय, आणि याच गाडीने. नवरात्रात नांदुरीच्या पुढे खासगी गाड्या सोडत नाहीत, त्यामुळे त्याआधी गाडी घाट चढण्याजोगी व्हायला हवी.

प्रतिसाद १

थांबलात हे फार बरं केलंत. पाइप लावू नका. कर्र आवाज आला म्हणजे आट्यांत गंज किंवा काजळी अडकलीय. तसंच ओढलंत तर तीच घाण ॲल्युमिनियम खरवडत बाहेर येते.

फिरलेला पाव फेरा परत आत घ्या. बुडाभोवतीची घाण हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. मग गंज सोडवायचं तेल बुडाशी सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा थोडं सोडा. पाव फेरा बाहेर, पाव फेरा आत, पुन्हा तेल. प्रत्येक वेळी किंचित जास्त बाहेर येईल. तासभर लागला तरी लागू द्या. हलेनासाच झाला तर तेल पुसून दोन मिनिटं गाडी चालू करा आणि इंजिन कोमट असताना प्रयत्न करा. तापलेल्या हेडवर मात्र कधीच नको, गरम ॲल्युमिनियमचे आटे लवकर जातात.

समजा आटे गेलेच, तरी हेड बाद होत नाही. टर्नरकडे (लेथवाल्याकडे) आट्यांचा इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची बाही, बसवून मिळतो.

प्रतिसाद २

प्लग बिनधास्त वापरा. एनजीके या प्लग कंपनीच्या नंबरात बी म्हणजे १४ मिमीचे आटे, ६ ही उष्णतेची श्रेणी, ई म्हणजे १९ मिमी लांबी. तुमच्यात फक्त आर वाढलाय, म्हणजे आत रेझिस्टर आहे. रेडिओतली खरखर कमी होते, इंजिनला फरक पडत नाही. बॉशचे घेतलेत तर मात्र जपून: एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड (म्हणजे उष्णता लवकर सोडणारा), बॉशमध्ये उलट.

वायरी दिल्यात त्याच ठेवा. सिलिकॉन उष्णतेत आणि ओलाव्यात टिकतं, तुमचा मूळ त्रास ओलाव्याचाच आहे. एक वायर काढा, तिच्या लांबीची नवी लावा, मगच दुसरीला हात घाला. या इंजिनचा सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-२ आहे, अदलाबदल झाली तर गाडी धड चालणार नाही. आणि ओढताना टोपण धरून ओढा, वायर धरून नाही.

धागाकर्ती

निघाला! दोन रात्री तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साधारण पाऊण तास आत-बाहेर करत राहिले. बाबा आधी नाराज होते, मग स्वतःच मोजायला लागले, "आता आत, आता बाहेर." शेवटच्या दोन आट्यांत काळी कडक काजळी होती. टॉर्चने पाहिलं, हेडचे आटे शाबूत आहेत.

नवे प्लग बसवताना बाबांनी दाखवलेली युक्ती इथे लिहून ठेवते. प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा अडकवून त्यानेच फिरवायचं. आटे तिरके धरले तर नळी नुसती घसरते, जबरदस्ती होऊच शकत नाही. हाताने पूर्ण बसल्यावर पान्याने अर्धा फेरा, वॉशर दबेपर्यंत. प्लगच्या टोकांमधली गॅप फिलर गेजने (अंतर मोजायच्या पट्टीने) ०.८ मिमी ठेवली.

गाडी पहिल्या सेल्फला लागली. रात्री पुन्हा फवारा मारून पाहिला, एकही ठिणगी नाही. बाबा बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे होते.

आता एकच विचारायचंय. डेल्कोची कॅप उघडल्यावर आतल्या पिनांवर पांढरी पूड दिसली, रोटरचं (आत फिरून करंट वाटणारा तुकडा) टोकही झिजलंय. बाबा म्हणतात घासून घे, पुष्कळ झालं. घाटात दगा नको म्हणून कॅप आणि रोटर दोन्ही नवीनच टाकू का?