आग्रह, दुराग्रह आणि मधला 'ग्रह'

'माझा दुराग्रह आहे' असं कुणी स्वतःबद्दल म्हणालेलं ऐकलंय का? धर्मातून आलेली नीतीची पक्की खात्री समाजाला पुढे नेते की जागीच खिळवते, असा वाद चालला होता. एक जण ज्याला 'आग्रह' म्हणे, दुसरा त्यालाच 'दुराग्रह'. हा 'दुर्' लावतो कोण?

— मूळ धातू ग्रह्, म्हणजे धरणे. ग्रहण, संग्रह, पूर्वग्रह ही सगळी त्याचीच पोरं. (संस्कृतात मगरीलाही 'ग्राह' म्हणतात, पकड तशीच!) आग्रहात घट्ट धरणं आहे, काय धरलंय ते शब्द सांगत नाही. 'दुर्' लावतो समोरचा, आणि तो गळूनही पडतो. बेंजामिन ले घ्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथातला. १७३८ साली अमेरिकेतल्या क्वेकरांच्या वार्षिक सभेत त्यानं पुस्तकात लपवून आणलेला लाल रस गुलाम बाळगणाऱ्या पंथबांधवांवर उडवला, रक्त म्हणून. त्याच वर्षी पंथानं त्याला बाहेर काढलं. पुढे १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनंच सभासदांना गुलाम बाळगायची बंदी केली. ले तेव्हा हयात नव्हता.

— म्हणजे उपसर्ग काळ ठरवतो? मग तोवर गुलामानं वाट बघायची? १८४५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतले सदर्न बाप्टिस्ट हे ख्रिस्ती पंथीय उत्तरेतल्या बाप्टिस्टांपासून वेगळे झाले ते गुलामांच्या मालकालाही धर्मप्रचारक होता आलं पाहिजे, यावर अडून बसल्यामुळे. बायबल दोघांचं एकच. सदर्न बाप्टिस्टांचा माफीचा ठराव आला १९९५ साली. खात्रीत कुणीच कमी नव्हतं.

— मुद्दा बिनतोड आहे, काळावर सोडून चालणार नाही. मला उत्तर 'सत्याग्रह' या शब्दाच्या जन्मात दिसतं. दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यासाठी गांधीजींचे नातलग आणि सहकारी मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवला, गांधीजींनी त्याचा 'सत्याग्रह' केला. 'सदाग्रह' म्हणजे 'दुर्'च्या जागी स्वतःच 'सद्' लावून घेणं, स्वतःच्या हातानं दिलेलं प्रमाणपत्र! (हे माझं वाचन, त्यांचं नव्हे.) १९२० मध्ये जालियनवाला बाग हत्याकांडाची चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढे गांधीजींनी मांडलं की माणसाला पूर्ण सत्य कळू शकत नाही, म्हणून शिक्षा करण्याचा अधिकारही त्याला नाही. पकड घट्ट, पण तिचा काच स्वतःला. बेंजामिन लेसुद्धा गुलामांच्या श्रमातून आलेली वस्तू वापरत नसे, कपडे स्वतःच सूत कातून करी. १८४५ वाल्यांच्या खात्रीचं ओझं मात्र गुलामांच्या पाठीवर होतं. मी 'दुर्' लावताना एवढंच बघतो.

— आणि 'कट्टर'? त्याला तर उपसर्गच नाही. 'कट्टर समर्थक' लोक छाती फुगवून म्हणवून घेतात, 'कट्टर धार्मिक' म्हटलं की तेच लोक दुखावतात. 'निष्ठावान' आणि 'कट्टर' यांत नेमका फरक काय करता तुम्ही?