मदत हवी आहे: इंटर्नशिप चालू असताना स्वतःचा अभ्यास कसा करायचा?

नमस्कार ताई-दादांनो,
मी बी.एस्सी. नर्सिंगच्या आठव्या सेमिस्टरला आहे. इंटर्नशिप चालू आहे, काही महिन्यांत नोंदणी होऊन मी स्टाफ नर्स होईन. सात सेमिस्टर मॅडम सांगतील तेच वाचलं, नोट्स पाठ केल्या आणि पास झाले. आता काय वाचायचं हे सांगणारं कुणी नाही, तेव्हा कळतंय की आपलं आपण शिकायची सवयच लागलेली नाही.

गेल्या आठवड्यात नाइटला सिस्टर म्हणाल्या, "पाचशे एमएल चार तासांत जाऊ दे, ड्रॉप्स सेट कर." सूत्र तोंडपाठ होतं, पण सलाइनसमोर उभी राहिल्यावर काही सुचेना. सिस्टरांनी सलाइनच्या नळीच्या सेटचं पाकीट दाखवलं: एक एमएलला 20 थेंब. 500 गुणिले 20 भागिले 240 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. मग घड्याळ धरून थेंब मोजायला लावले. ते आता आयुष्यभर विसरणार नाही.

तेव्हापासून खिशात छोटी वही ठेवते. ड्युटीत अडलेली गोष्ट लिहून घरी वाचते. पण वही भरतेय आणि वाचन मागे पडतंय. वर नॉरसेटची (एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेची) तयारीही करायची आहे.

नोकरीत असलेल्यांनी कृपया सांगा, रोज किती आणि काय वाचायचात? ईसीजी आणि पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकतेय ते नोंदवायचा तक्ता) स्वतःहून कसे पक्के केलेत? आणि मला नीट जमतंय की नाही, हे तपासायचं कसं? मला याचीच जास्त काळजी वाटते, कारण चुकलं तर त्रास पेशंटला होणार.