क्युबात उलटंच झालं

वर कोणीतरी विचारलंय की १८९८ ला क्युबा स्पेनच्या हातातून गेल्यावर तिथले स्पॅनिश लोक बाडबिस्तरा गुंडाळून परत गेले का, तर सैन्य आणि सरकारी माणसं गेली खरी पण खरा लोंढा त्यानंतरच आला! १९०२ ला रिपब्लिक झाल्यापासून पुढची तीसेक वर्षं लाखो लोक आले, जास्त करून स्पेनच्या गॅलिसिया, आस्तुरियास प्रांतांतून आणि कॅनरी बेटांवरून. गॅलिसियात जमिनीचे वाटे होऊन होऊन तुकडे उरलेले, त्यात मोरोक्कोच्या लढाईसाठी सक्तीची भरती, मग पोरं बोटीत बसायची. इकडे साखरेला भाव, मजूर हवेच होते.

फिडेल कॅस्ट्रोचे वडील आंखेल याचं भारी उदाहरण. गॅलिसियातला गरीब घरचा पोरगा, स्पेनचा शिपाई म्हणून क्युबन बंडखोरांशी लढायला आला, हरून घरी गेला आणि वर्षभरात परत तिथेच हजर, पुढे क्युबातल्या बिरानला मोठा जमीनदार झाला (आणि पोराने काय केलं ते सगळ्यांना माहितीये :)).

गॅलिसियावाले इतके होते की क्युबात कुठल्याही स्पॅनिश माणसाला सरसकट ‘गायेगो’च (म्हणजे गॅलिसियाचा) म्हणतात. हवानातलं ते प्रसिद्ध मोठं थिएटर (ग्रान तेआत्रो) आहे ना, ती इमारतही १९१५ ची, त्यांच्याच मंडळाची.

अलीकडे गंगा उलटी वाहिली, स्पॅनिश लोकांच्या नातवंडांना नागरिकत्व देणाऱ्या २०२२ च्या स्पॅनिश कायद्यामुळे २०२५ ला अर्जाची मुदत संपेपर्यंत नातवंडं आजोबांचा जन्मदाखला शोधत फिरत होती, आपल्या गोव्यातल्या पोर्तुगीज पासपोर्टसारखंच.