मदत हवी आहे : कोल्हापुरात बायकांची सोय असलेली मशीद?

सासूबाईंना घेऊन महाद्वार रोडला खरेदीला गेलं की असरच्या म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची वेळ हमखास बाजारातच होते. आमचे पुरुष जवळच्या मशिदीत जाऊन येतात, आम्ही दोघी पिशव्या राखत दुकानाच्या पायरीवर. मोहल्ल्यातल्या ट्रस्टला विचारलं तर ‘आपल्यात तशी पद्धत नाही’, विषय संपला.

पद्धत नसेल, पण मनाई कुठाय? बायकांना अल्लाहच्या मशिदींपासून रोखू नका, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, बुखारी या हदीससंग्रहात आहे. पैगंबरांच्या मशिदीत पुढं पुरुष, मागं बायका अशा रांगा असायच्या. पुण्याच्या एका दांपत्याच्या याचिकेवर 2020 साली मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानंही सुप्रीम कोर्टात सांगितलं की बायकांना मशिदीत नमाजाची मुभा आहे. फक्त जमातीत, म्हणजे सगळ्यांसोबतच्या नमाजाला, येणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. वेगळं बसवा, आमची काही हरकत नाही. जागा तर द्या!

तर, शहरात किंवा इचलकरंजी-जयसिंगपूरकडं बायकांसाठी वेगळं दार आणि वुजूची (नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्याची) सोय असलेली मशीद कुणाला माहीत आहे का? आणि ट्रस्टला अर्ज कसा लिहावा? कोर्टाचं नाव काढलं की मंडळी बिथरतात, म्हणून नुसती हदीसच पुढं ठेवावी म्हणतेय. कुणी असा अर्ज केला असेल तर सांगा.